म्हैस पाण्यात, मोल बाहेर: जुनी मॉडेल रेल्वे ऑनलाइन घेताना

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘एचओ इंजिन, मार्क्लिन, उत्तम चालू स्थितीत.’ तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. इंजिन एचओ होतं, मार्क्लिनचं होतं आणि विक्रेत्याच्या घरी ते छान पळतही असणार. मी ते माझ्या रुळांवर ठेवलं आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागला. शॉर्ट सर्किट. मार्क्लिनची एचओ गाडी तीन रुळांच्या पद्धतीची. एसीवर चालते, वीज पोटाखालच्या लांब पट्टीतून घेते आणि तिची दोन्ही बाजूंची चाकं विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून विलग केलेली नसतात. माझा लेआउट साधा, दोन रुळांचा, १२ व्होल्ट डीसीचा. विक्रेता खोटं बोलला नव्हता. मला जे कळायला हवं होतं ते त्याने लिहिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

या बाजारात लबाड थोडे आणि अनभिज्ञ फार. माळा आवरताना सापडलेला खोका विकायला काढणाऱ्याला ओओ आणि एचओमधला फरक ठाऊक नसतो. तो दुसऱ्या कुणाची तरी जाहिरात बघतो, तिथला मजकूर उचलतो आणि तिथलीच किंमत लावतो. ती दुसरी जाहिरातही तशीच बनलेली असते. म्हणून माझा नियम साधा आहे: वर्णन म्हणजे विक्रेत्याची आशा समजायची, आणि माहिती फोटोतून काढायची. पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने वापरतो त्याच क्रमाने देतो.

पायरी १: वस्तू नेमकी कोणती, हे आधी स्वतः ठरवा

पहिला गोंधळ स्केल आणि गेजचा. स्केल म्हणजे मूळ गाडीच्या किती पट लहान, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओ म्हणजे १:८७, ओओ म्हणजे १:७६. पण दोन्ही चालतात १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर. त्यामुळे ‘माझ्या एचओ रुळावर चालतं, म्हणजे एचओ’ असं विक्रेता प्रामाणिकपणे लिहितो आणि घरी येते ती सुमारे १४ टक्के मोठी ओओ गाडी. शेजारी खऱ्या एचओचा डबा ठेवला की एकदम डोळ्यात खुपतं. एन या त्याहून लहान मापात रूळ ९ मिलिमीटरचा, पण युरोप-अमेरिकेचं स्केल १:१६०, ब्रिटिश १:१४८ आणि जपानी बहुतेक १:१५०. लिमासारख्या कंपनीने तर ब्रिटिश गाड्या सुरुवातीला एचओत काढल्या आणि नंतर ओओकडे वळली. दोन्ही काळातल्या गाड्या आज एकाच नावाखाली विकल्या जातात.

यावर उपाय मोजपट्टीचा. डब्याची लांबी मिलिमीटरमध्ये विचारा आणि मूळ गाडीशी ताडून बघा. ब्रिटिश रेल्वेच्या मार्क १ जातीच्या लांब डब्याची लांबी ६४ फूट ६ इंच. ओओत फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे डबा २५८ मिलिमीटर यायला हवा. एचओत फुटाला साडेतीन, म्हणजे २२६. उत्तर २३० च्या आसपास आलं तर एक तर तो एचओचा आहे, नाही तर जुन्या खेळण्यांसारखा मुद्दाम आखूड केलेला ओओ. तो कोणता हे डब्याच्या उंचीवरून कळतं.

दुसरा प्रश्न विजेचा, ज्यात मी आपटलो. हॉर्नबी डब्लो ही जुनी ब्रिटिश मालिका १९३८ ला आली आणि १९५९ पर्यंत फक्त तीन रुळांची होती; त्यानंतर दोन रुळांची निघाली. खोक्यावर नाव मात्र तेच. तीन रुळांच्या इंजिनाला पोटाखाली मधल्या रुळावर घासणारा संपर्क असतो. पोटाचा फोटो मिळाला की हा प्रश्न मिटतो.

तिसरी फसगत मुकी असते. मासिकासोबत भागाभागाने मिळणाऱ्या शोभेच्या इंजिनांना चाकं असतात, ती फिरतातही, रंगकाम तर देखणं असतं. मोटर मात्र नसते. अशी इंजिनं ‘न वापरलेलं, बॉक्समध्ये’ म्हणून चालत्या इंजिनाच्या भावात लावलेली मी कितीदा पाहिली आहेत. न वापरलेलं हे खरंच आहे म्हणा.

शेवटी वय. ‘१९५० च्या दशकातलं अस्सल हॉर्नबी’ असं लिहिलंय आणि खोक्यावर ‘हॉर्नबी रेल्वेज’ छापलंय? हे नाव १९७२ पासूनचं. त्याआधी, १९६५ पासून, ‘ट्राय-अँग हॉर्नबी’. खोक्यावर बारकोड दिसला तर आणखी सोपं: दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो १९७४ मध्ये, आणि खेळण्यांच्या खोक्यांवर तो यायला आणखी काही वर्षं गेली. ‘मेड इन चायना’ दिसलं तर हॉर्नबीच्या बाबतीत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धाच्या अलीकडचं धरा.

पायरी २: जाहिरातीतल्या शब्दांचा मराठीत अर्थ लावा

‘अनटेस्टेड’ हा शब्द सर्वांत महाग पडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे या एका शब्दासाठीच कुणी तरी लिहून ठेवलं असावं. ज्याच्याकडे इंजिन आहे त्याच्याकडे बहुतेकदा रुळाचा तुकडा आणि कंट्रोलरही आहे. त्याच जाहिरातीच्या दुसऱ्या फोटोत ते दिसतात. तरी टेस्ट केलं नाही? तर ते चालत नाही असं धरून किंमत करा. चाललंच, तर नशीब.

‘रेअर’ आला की तेच मॉडेल शोधून त्या क्षणी किती जण विकताहेत ते मोजा. चौदा जण दुर्मिळ वस्तू विकत असतील तर ती दुर्मिळ नाही. ‘लिमिटेड एडिशन’चंही तसंच: हजार नगांचं प्रमाणपत्र असेल, पण ते इंजिन हवं असणारी माणसं दोनशेच असतील तर आठशे नग कपाटांतच फिरत राहणार. प्रमाणपत्रावरचा क्रमांक मात्र जरूर बघा. ते हरवलं असेल तर ‘लिमिटेड’ला संग्राहक फारसे पैसे देत नाहीत.

‘मिंट’ म्हणजे कारखान्यातून निघाल्यासारखं. ‘वयाच्या मानाने मिंट’ असं काही नसतं. ‘वेदर्ड’ म्हणजे मळकट, गंजकट रंगकाम. ते कारखान्याचं असेल तर मॉडेलच्या कोडला जोडूनच येतं. कुणी घरी केलं असेल तर त्याला कला म्हणायचं की खाडाखोड, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर आहे. पण विकताना त्याची किंमत कमी येते, हे गृहीत धरा. ‘लोफ्ट फाइंड’, म्हणजे माळ्यावर सापडलेलं, हे वर्णन नसून कथा आहे.

आणि डीसीसी, म्हणजे रुळांतून डिजिटल संदेश पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत. तो संदेश वाचणारी इंजिनातली चिप म्हणजे डीकोडर. इथे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे फक्त सॉकेट आहे, डीकोडर नाही. ‘डीसीसी फिटेड’ म्हणजे डीकोडर बसवलाय. ‘डीसीसी साउंड’ म्हणजे आवाजाचा डीकोडर आणि स्पीकर दोन्ही. या तिघांच्या किमतीत मोठी दरी आहे आणि विक्रेते ‘डीसीसी’ एवढंच लिहून मोकळे होतात. सॉकेट कोणतं तेही विचारा: ६ पिनचं, ८ पिनचं, २१ पिनचं, नेक्स्ट १८. सॉकेट वेगळं निघालं तर तुमच्याकडचा डीकोडर बसत नाही. साउंड असल्याचा दावा असेल तर आवाजासकट व्हिडिओ मागा. नुसत्या खोक्यावरच्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका. डीकोडर काढून घेऊन खोका तसाच विकणारे आहेत.

पायरी ३: फोटो वाचा, पोटापासून सुरुवात करा

वरच्या फोटोत सगळी इंजिनं देखणी दिसतात. खरी हकीकत खालच्या बाजूला असते. चाकांवर काळा थर असेल तर ते भरपूर चाललंय. तो साफ होतो, घाबरू नका. चाकांवरचा मुलामा जाऊन पिवळं पितळ दिसत असेल तर झीज खरी आहे. रबरी टायर तुटलेत की नाही ते बघा. स्वस्त असतात, पण कुठल्या मापाचे ते शोधण्यात एक संध्याकाळ जाते. चाकांच्या कडा फार खोल असतील, जशा जुन्या लिमाच्या, तर त्या आजच्या बारीक रुळांवर स्लीपरला खडखड घासतात. पेको कंपनीच्या कोड १०० रुळाची उंची २.५४ मिलिमीटर, कोड ७५ ची सुमारे १.९. तुमचा लेआउट कोड ७५ चा असेल तर हा मुद्दा सोडू नका.

धातूच्या चासीसाठी भिंग घ्या. जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिसं किंवा कथिल भेसळीने गेलं असेल तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. इंग्रजीत याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. यातला पेस्ट मलमातला नव्हे, किडीतला. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ओतीव भागांत हे सर्रास आढळतं, आणि अधूनमधून अलीकडच्या एखाद्या लॉटमध्येही निघतं. खुणा अशा: कडेला बारीक जाळीदार तडे, पृष्ठभागावर फोड, सरळ असायला हवी ती चासी केळ्यासारखी वाकलेली, इंजिनाची बॉडी मधूनच उचकटलेली. यावर इलाज नाही. अशा इंजिनाची किंमत म्हणजे त्याच्या बॉडीची आणि चाकांची किंमत, बाकी शून्य.

प्लास्टिक वाकलेलं दिसलं तर मात्र लगेच कीड समजू नका. ट्राय-अँगच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांची बॉडी सेल्युलोज ॲसिटेटची होती आणि ती वर्षानुवर्षं आपोआप आकसते, वाकते. चासी ठीक असते, बॉडी बिघडलेली. संग्राहकाला ते नकोच. पण चालवणाऱ्याला चांगली चासी स्वस्तात मिळते.

बॅकमनची जुनी वाफेची इंजिनं, ज्यांची चासी मुद्दाम दोन अर्ध्या भागांत बनवलेली आहे (‘स्प्लिट चासी’), त्यांच्या चाकांच्या अक्षांना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या नळीला तडा जाण्याची ख्याती आहे. फोटोत तो सहसा दिसत नाही. चाकांच्या जोड्या एकमेकींशी जुळलेल्या नसणं, दांडे तिरके उभे असणं, एवढाच सुगावा. व्हिडिओत लंगडत चाललं तर कारण बहुधा हेच.

मग खोका. टोकाच्या लेबलवरचा कोड आणि आतल्या इंजिनाचा नंबर जुळतो का? खोका एकाचा आणि इंजिन भलत्याचंच, हे इतक्यांदा घडतं की मी आता आधी खोकाच तपासतो. हॉर्नबी डब्लो आणि रेन या कंपनीच्या खोक्यांच्या नव्याने छापलेल्या प्रतीही मिळतात. त्यात वाईट काही नाही, पण प्रत असेल तर प्रत असं लिहायला हवं. पन्नास वर्षांच्या खोक्याचा पुठ्ठा आतून पांढराशुभ्र असेल तर विचारा. आतला फोम जुना असेल तर तो विरघळून रंगाला चिकटतो. तो डाग निघताना रंगही निघतो.

एकच फोटो असेल, आणि तोही कंपनीच्या कॅटलॉगमधला, तर त्या फोटोवर उलटा शोध घ्या, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते बघा. दुसऱ्या तीन जाहिरातींत तोच सापडला तर पुढे वाचायची गरज नाही.

पायरी ४: थोडे, पण मोजता येतील असे प्रश्न

‘स्थिती कशी आहे?’ असं विचारलं की ‘छान आहे’ असं उत्तर येतं. हो-नाही किंवा आकड्यात उत्तर येईल असंच विचारायचं. माझा नेहमीचा निरोप असा:

‘नमस्कार. तुमच्या जाहिरातीतलं इंजिन मला घ्यायचं आहे. चार गोष्टी कळवाल का? एक, चाकं वर करून पोटाचा स्पष्ट फोटो. दोन, बफरपासून बफरपर्यंत लांबी, मिलिमीटरमध्ये. तीन, रुळावर पुढे आणि मागे, दोन्ही दिशांना चालतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. चार, आत डीकोडर आहे की फक्त सॉकेट? दोन रुळांच्या डीसी लेआउटवर चालेल, हेही उत्तरात लिहिलंत तर बरं होईल.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्याचं लेखी उत्तर पुढे परताव्याच्या वेळी तुमचा कागद होतो. म्हणूनच सगळं बोलणं त्या साइटच्या निरोपांतच ठेवा, फोनवर नको. गोलमोल उत्तरं, ‘मला त्यातलं कळत नाही, तुम्हीच ठरवा’ वगैरे, आली तर रागावू नका. किंमत ‘अनटेस्टेड’च्या पातळीला आणा आणि तसं कळवा.

पायरी ५: मागितलेली किंमत सोडा, मिळालेली शोधा

कुणीही काहीही मागू शकतं. भाव ठरतो तो कुणी तरी खरोखर मोजलेल्या पैशांवर. ईबेवर ‘सोल्ड’चा फिल्टर लावला की साधारण गेल्या ९० दिवसांतले संपलेले सौदे दिसतात. त्यातले तुमच्या वस्तूशी खरोखर जुळणारे पाच-सहा निवडा: तोच कोड, तीच लिव्हरी (रंगसंगती), तेवढीच स्थिती. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त सोडून द्या, मधला आकडा धरा. किंमत खोडलेली दिसली आणि शेजारी ‘बेस्ट ऑफर’ लिहिलेलं असलं तर खरा सौदा त्याहून खाली झालाय, एवढंच समजा. टपालखर्च वेगळा की आत, हेही बघा. काही जण वस्तू स्वस्त दाखवून सगळा नफा टपालात वसूल करतात. परदेशातून मागवत असाल तर त्यावर जकात आणि कर चढतात, तेही आधी धरा.

त्याच मॉडेलची नवी आवृत्ती निघणार असेल तर जुन्याचा भाव घसरतो. कंपनीने नव्या साच्याने तेच इंजिन काढलं की आधीचं, कमी तपशिलाचं मॉडेल रातोरात ‘खेळणं’ ठरतं. पण जाहिराती वर्षभर जुन्याच भावाने लटकत राहतात, कारण विक्रेत्याने बातमी वाचलेली नसते. घेण्यापूर्वी कंपनीच्या चालू आणि जाहीर झालेल्या मॉडेलांची यादी चाळायला पाच मिनिटं लागतात.

मग वजाबाकी. चांगल्या चालू नगाचा मधला भाव १०० मानला, तर माझे ठोकताळे असे: ‘अनटेस्टेड’ डीसी इंजिनाला ४० च्या वर जात नाही. खोका नसेल आणि मला चालवायचंच असेल तर ८० पर्यंत. संग्राहक असतो तर ५०. एखादा बफर किंवा हँडरेल नसेल तर सुट्या भागाची किंमत अधिक एक संध्याकाळ वजा. ‘डीसीसी रेडी’ला ‘फिटेड’ म्हटलं असेल तर डीकोडरची पूर्ण किंमत वजा, निम्मी नव्हे. मोटर नसेल तर शोभेची वस्तू म्हणून नव्याने भाव काढायचा. हे आकडे माझे आहेत; तुमचे वेगळे असोत, पण लिलाव सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवलेले असोत.

जॉब लॉटचं वेगळं. वीस डबे, रुळांची पिशवी, दोन कंट्रोलर, एकच किंमत. इथे तुम्हाला हव्या असलेल्या वस्तूंचीच बेरीज करा आणि बाकीचं फुकट धरा. जुने पोलादी रूळ गंजतात आणि त्यांवर गाडी अडखळते. निकेल सिल्व्हरचे असतील तरच त्यांना किंमत. आणि घरच्या विजेवर चालणारा जुना कंट्रोलर चालू करून बघायचा मोह टाळा. त्याच्या वायरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, काही ११० व्होल्टचे असतात. ते वजनात विकायचे.

पायरी ६: बोली आणि पैसे

ईबेच्या लिलावात तुमचा कमाल आकडा एकदाच टाकला की पुरतो. साइट तुमच्या वतीने हळूहळू वर चढते. शेवटच्या काही सेकंदांत टाका, आणि हरलात तर हरलात. त्यानंतर एक रुपयाही वाढवायचा नाही. हे वाक्य लिहिणं सोपं आहे, मी स्वतः तीनदा मोडलंय.

पैसे देताना खरेदीचं संरक्षण असलेली पद्धतच वापरा. पेपालमध्ये ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवलेल्या पैशांना ते संरक्षण नसतं; ‘थोडी सूट देतो, तसे पाठवा’ असं कुणी म्हटलं तर ती सूट तुम्हीच भरताय. वस्तूंच्या खरेदीला पेपालवर १८० दिवसांत तक्रार करता येते, ईबेच्या हमीत पार्सल मिळाल्यापासून ३० दिवसांत. साइट सोडून बाहेर सौदा केलात की ईबेची हमी गेली.

पायरी ७: पार्सल आल्यावर

उघडतानाचा व्हिडिओ काढा, सील अखंड दिसेल असा. तेल घालू नका, स्क्रू काढू नका. परत पाठवायची शक्यता असेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर कपाटात. जुन्या ट्राय-अँगच्या एक्स०४ सारख्या मोटरमधून तुम्ही आर्मेचर (आतला फिरता भाग) काढलंत तर चुंबकाची ताकद उतरते, आणि मग बिघाड आधीचा की तुमचा हे कुणीच सांगू शकत नाही.

चाचणी अशी: आधी हाताने चाकं वळवून कुठे अडकतं का बघा. मग डीसीवर, कमी वेगाने, दोन्ही दिशांना पाच-पाच मिनिटं. मोटर लवकर तापली, गाडी सुस्त चालली आणि वीज मात्र भरपूर खात असेल तर चुंबक थकलेला असणार. जळका वास आला तर लगेच थांबा. डीसीसी इंजिन मेलेलं वाटलं तर घाईने निकाल देऊ नका. डीकोडरचा कारखान्यातला पत्ता ३ असतो, पण आधीच्या मालकाने तो बदललेला असतो; अनेक डीकोडरांवर सीव्ही ८ (डीकोडरची एक क्रमांकित सेटिंग) मध्ये ८ लिहिलं की मूळ सेटिंग परत येतं. डीसीवर ते हलत नसेल तर कदाचित ॲनालॉग मोड बंद केलेला असेल, त्यामुळे डीसीसीवर बघितल्याशिवाय तक्रार नको.

पायरी ८: परत करायचं असेल तर

‘फसवलंत’ हा शब्द वापरू नका. त्याने विक्रेता चिडतो आणि साइटला त्याचा उपयोग नसतो. ‘वर्णनाशी जुळत नाही’ एवढंच लिहा आणि पुरावे लावा: जाहिरातीतलं वाक्य, तुमचा प्रश्न, त्याचं उत्तर, तुमचा फोटो. चार ओळी पुरतात. अर्धवट परतावा देऊ केला तर तो पायरी ५ च्या वजाबाकीशी ताडून बघा. अनेकदा तो स्वीकारणं परवडतं, कारण परतीच्या प्रवासात आणखी दोन बफर तुटतात. मूळ पॅकिंग ३० दिवस संपेपर्यंत टाकू नका.

माझं ते मार्क्लिन इंजिन परत करण्याजोगं नव्हतंच. जाहिरातीत चुकीचं काही लिहिलेलं नव्हतं. दोन महिन्यांनी मी ते विकायला काढलं. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘तीन रूळ, एसी. दोन रुळांच्या डीसी लेआउटवर चालणार नाही.’ खाली पोटाचा फोटो, लांबी आणि रबरी टायर एका बाजूचा ढिला असल्याची नोंद. चौथ्या दिवशी गेलं, मी दिलेल्या किमतीच्या थोडं वर. घेणाऱ्याने एकच प्रश्न विचारला: टायर कोणत्या बाजूचा?